हल्ल्याआधीचा इशारा कुठल्या टेबलावर अडला? खान्देशातून पाठपुरावा कसा करायचा

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये ५० हून अधिक माणसे मारली गेली. जळगाव-भुसावळकडे येणाऱ्या अनेक गाड्या याच स्थानकातून सुटतात. समुद्र खान्देशापासून लांब असला, तरी समुद्रमार्गे हल्ला होईल असे इशारे येऊनही पुढे काय झाले, हा प्रश्न खान्देशचाही आहे. कसाबचा खटला जळगावच्या उज्ज्वल निकम यांनी सरकारतर्फे चालवला आणि २०१२ मध्ये फाशीही झाली. पण फौजदारी खटल्यात हल्लेखोराचा गुन्हा तपासला जातो. इशाऱ्याचा कागद कोणी दाबून ठेवला, हे तिथे तपासले जात नाही. ते शोधायला माहिती अधिकार आणि विधिमंडळ या दोन वाटा आहेत.

आधी एक गोष्ट पक्की करा: इशाऱ्यातला मजकूर मागू नका, त्या कागदाचा प्रवास मागा. ‘इशाऱ्याची प्रत द्या’ असे लिहिले की माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(क), म्हणजे देशाची सुरक्षा, हे कारण देऊन अर्ज फेटाळला जातो, आणि बऱ्याचदा तो निर्णय अपिलातही टिकतो. त्याऐवजी पत्र कार्यालयात कोणत्या तारखेला आले, आवक क्रमांक काय, कोणत्या कार्यासनाकडे (फाईल हाताळणाऱ्या टेबलाकडे) गेले, पुढची टिप्पणी कोणत्या तारखेची आणि कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याची, एवढेच विचारा. निष्काळजीपणा तारखांमधल्या अंतरातच दिसतो. अर्जात कलम १० चा उल्लेख करा: गोपनीय भाग झाकून उरलेला भाग द्यावा, असे ते कलम सांगते.

अर्ज कोणाला करायचा, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. केंद्राचा गुप्तचर विभाग (आयबी), रॉ, एनआयए यांना कलम २४ खाली सूट आहे. त्यांच्याकडून भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरतीच माहिती मागता येते. म्हणून इशारा पाठवणाऱ्याला विचारू नका, तो ज्याच्याकडे पोहोचला त्याला विचारा: मंत्रालयातला गृह विभाग, पोलीस महासंचालक कार्यालय, किंवा जळगाव, धुळे, नंदुरबारचे पोलीस अधीक्षक कार्यालय. राज्य सरकारही कलम २४(४) खाली आपली काही कार्यालये वगळू शकते. तसे उत्तर आले तर त्या अधिसूचनेची प्रत मागा आणि तुम्ही अर्ज केलेल्या कार्यालयाचे नाव तिच्यात खरोखर आहे का ते पाहा.

राज्याकडचा अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत बसवा. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. केंद्राच्या कार्यालयाला मात्र कोर्ट फी तिकीट चालत नाही. तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर चालते. या एका अदलाबदलीने कितीतरी अर्ज परत येतात. ‘का केले नाही?’ असा प्रश्न लिहू नका, कारण कायद्याने फक्त अस्तित्वात असलेली नोंद मिळते, खुलासा मिळत नाही. नमुना असा (यातली राम प्रधान समिती म्हणजे २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेली चौकशी समिती):

‘राम प्रधान समितीच्या अहवालातील प्रत्येक शिफारशीवर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची स्थिती दर्शवणाऱ्या कागदपत्रांच्या प्रती, तसेच सदर कार्यवाहीचा आढावा ज्या बैठकांत झाला त्यांच्या तारखा व इतिवृत्ते. गोपनीय मजकूर कलम १० नुसार वगळावा.’

उत्तराला ३० दिवस. आले नाही किंवा अर्धवट आले, तर पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र ‘ब’ वर २० रुपयांचे तिकीट लावून पहिले अपील. त्याचा निर्णय ३० दिवसांत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवा. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. खान्देशातल्या जिल्हा कार्यालयांसाठी आयोगाचे खंडपीठ नाशिकला आहे. इथे तारखा लांबतात, तयारी ठेवा. कलम १८ खाली नुसती तक्रार करू नका. त्यातून अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, पण माहिती मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

‘तपास सुरू आहे’ हे ठरलेले उत्तर. नुसता तपास प्रलंबित असणे पुरेसे नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्याने सांगायला हवे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ‘भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त’ या खटल्यात २००७ मध्ये म्हटले. अपिलात हा दाखला द्या. घटनेला २० वर्षे झाली की कलम ८(३) मुळे तपासाचे आणि खबऱ्याच्या सुरक्षेचे कारण गळून पडते. देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे एवढीच कारणे उरतात. खान्देशाला लागून असलेल्या मालेगावातले ८ सप्टेंबर २००६ चे स्फोट ८ सप्टेंबर २०२६ ला या मर्यादेत येतात.

हाती तारखा आल्या की आमदाराकडे जा. रिकाम्या हाताने गेलात तर निवेदन फायलीत पडते. आवक क्रमांक दाखवलात तर त्यावर सभागृहात तारांकित प्रश्न (मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा) किंवा लक्षवेधी सूचना होऊ शकते. मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिले तर ते विधिमंडळाच्या ‘आश्वासन समिती’पुढे जाते; आश्वासने पाळली जातात का, ते ही समिती पाहते. त्याची तारीख टिपून ठेवा.

मागणी करताना शब्द नेमके हवेत. नुसती ‘चौकशी करा’ म्हटले की सरकार प्रशासकीय समिती नेमून मोकळे होते. ३० डिसेंबर २००८ ला नेमलेली प्रधान समिती तशीच होती: केंद्रीय गुप्तचर यंत्रणा तिच्या कक्षेबाहेर होत्या, आणि अहवाल सभागृहात मांडण्याचे कायद्याचे बंधन नव्हते. त्यामुळे मागणी ‘चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली आयोग’ अशीच लिहा. या कायद्याखालच्या आयोगाला साक्षीदारांना बोलावण्याचा आणि कागदपत्रे मागवण्याचा अधिकार असतो. कलम ३(४) प्रमाणे अहवाल, त्यावरील कार्यवाहीच्या निवेदनासह, ६ महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो.

गावात काही संशयास्पद दिसले आणि तुम्ही स्वतःच पोलिसांना कळवले, तर तोंडी सांगून परतू नका. लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्यात नोंदवून घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच लेखी खबर स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. नंतर माहिती अधिकारात याच पत्रावर काय कार्यवाही झाली ते विचारता येते, आणि स्वतः दिलेल्या पत्राबाबत सुरक्षेचे कारण पुढे करणे कार्यालयाला जड जाते.

माहिती आयोगाचा आदेशही विरोधात गेला तर रिट याचिका करता येते. त्यासाठी नाशिक नव्हे, उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच्याच हद्दीत येतात. वकिलाकडे जाताना मूळ अर्ज, पोच, दोन्ही अपिले आणि प्रत्येक पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का तारखेच्या क्रमाने लावून न्या.