चौथीच्या लेकरांना शिवरायांच्या राण्यांबद्दल सांगताना या चुका टाळा

“मॅडम, महाराजांनी आठ लग्नं कामून केली?”

चौथीचं वर्ष म्हणजे शिवरायांचं वर्ष, आणि हा प्रश्न दर वर्षी येतो. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले, त्या पहिल्या वर्षी मी “मोठे झाल्यावर कळेल” म्हणत फळ्याकडे वळले. मागच्या रांगेत खसखस पिकली. प्रश्नात हसण्यासारखं काहीच नव्हतं, मी टाळाटाळ केली म्हणून लेकरं हसली. टाळलेल्या गोष्टीत काहीतरी लाजिरवाणं असणार, हे नऊ वर्षांच्या लेकराला लगेच कळतं. पुढे ते मोबाइलवर नाही तर पारावर उत्तर शोधतं, आणि तिथे काय ऐकायला मिळेल यावर आपला काही ताबा नाही.

उत्तर अवघड नाही, कारण ‘सोयरीक’ हा शब्द आपल्या लेकरांना घरूनच माहीत असतो. सोयरीक झाली की पाव्हणे वाढतात आणि अडीनडीला धावून येतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. तिथूनच सुरुवात करते. त्या काळी राजघराण्यात एकाहून अधिक लग्नं करायची रीत होती. स्वराज्य उभं करायचं, तर ज्यांच्याकडे वतनं, घोडी आणि माणसं होती ती मराठा घराणी जोडायला हवी होती. मग अंगणात खडूनं घरं काढायची: मधे भोसले, भोवती फलटणचे निंबाळकर, तळबीडचे मोहिते, सिंदखेडचे जाधव, शिर्के, गायकवाड. सईबाई निंबाळकरांच्या, सोयराबाई मोहित्यांच्या, काशीबाई जाधवांच्या, म्हणजे जिजाऊंच्याच माहेरच्या. पुढे सरनौबत झालेले हंबीरराव मोहिते सोयराबाईंचे भाऊ. महाराजांच्या लेकी सखूबाई फलटणला, सईबाईंच्या भावाच्या घरी दिल्या. राजकुंवरबाई शिर्क्यांकडे गेल्या आणि शिर्क्यांच्या येसूबाई संभाजीराजांच्या पत्नी म्हणून आल्या. एका घरातून दुसऱ्या घरात रेघा ओढता ओढता अंगण भरून जातं आणि ‘कामून’चं उत्तर लेकरं आपणच देतात. हिंदू विवाह कायद्यानं 1955 पासून एक जोडीदार असताना दुसरं लग्न करता येत नाही, हे त्याच तासाला सांगते. नाहीतर कुणीतरी हमखास म्हणतं, “मग मी पण करणार.”

आठ नावं पाठ करून घेऊ नका. परीक्षेच्या सवयीनं मीही एकदा यादी लिहून दिली होती. आठवडाभरात सकवारबाई, सगुणाबाई, लक्ष्मीबाई, गुणवंताबाई, सगळ्यांची भेळ झाली. नाव आठवायला त्यामागे माणूस दिसावा लागतो. चौथीच्या वयाला सईबाई, सोयराबाई आणि पुतळाबाई पुरे झाल्या.

त्यासाठी मी सुतळी वापरते. 1630 ते 1680, दर वर्षाला एक गाठ, आणि ती वर्गाच्या भिंतीवर ताणून बांधायची. 1640 ला सईबाईंशी लग्न. 1657 च्या मे महिन्यात पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म. 5 सप्टेंबर 1659 ला राजगडावर सईबाईंचा मृत्यू. आणि 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट. अफजलखान सगळ्यांना येतो, वाघनखं सगळ्यांना येतात. पण राणीसाहेब जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि घरात अडीच वर्षांचं आई नसलेलं लेकरू होतं, हे त्या दोन गाठी शेजारीशेजारी पाहिल्यावरच लक्षात येतं. पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, “मग संभाजीराजांना जेवू कोण घालायचं?” आजी होती, जिजाऊ. दूध पाजायला कापूरहोळच्या धाराऊ होत्या. आमच्या वर्गातल्या कितीतरी लेकरांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि ती आजीजवळ राहतात. त्यांना ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही.

एक चूक आपल्या जिभेवरच असते. ‘महाराज रायगडावर गेले’ म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात ‘सईबाई वारली’. राजे आदरार्थी आणि राणी एकेरी, असं नको. लेकरं ते शब्दासकट उचलतात.

सोयराबाईंची ‘वाईट सावत्र आई’ करू नका. या चुकीचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण ती मी केली आहे. गोष्ट रंगावी म्हणून मी आवाज बदलून कपटी राणी उभी केली. पहिल्या रांगेतला एक मुलगा मान खाली घालून बसला, डबाही त्यानं उघडला नाही. वर्षभरापूर्वी त्याच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं, ते गावभर माहीत होतं आणि मला लक्षात राहिलं नव्हतं. शिवाय इतिहास इतका सरळ नाही. महाराजांनंतर गादीचा वाद झाला, हे खरं. त्यात सोयराबाईंचे सख्खे भाऊ हंबीरराव संभाजीराजांच्या बाजूनं उभे राहिले, हेही तितकंच खरं. तो वाद मोठ्या वर्गात शिकू द्या. चौथीत एवढंच सांगा, की 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांशेजारी पट्टराणी म्हणून सोयराबाई होत्या, आणि राजारामराजे त्यांचे पुत्र.

राज्याभिषेकाशी आलात की आणखी एक गोंधळ होतो: “त्याच राण्यांशी परत लग्न कसं?” राज्याभिषेकाआधी महाराजांची मुंज झाली आणि मग वेदमंत्रांनी लग्नविधी पुन्हा केले. राण्या त्याच, विधी नवे. हे सांगणारे गागाभट्ट काशीहून आले होते, पण घराणं मूळचं आपल्या पैठणचं, हे ऐकून लेकरं खूश होतात.

पुतळाबाई सती गेल्या, हे कुणीतरी घरून ऐकून येतंच. त्याचं कौतुक करू नका आणि वर्णन तर मुळीच नको. मी शब्दाचा अर्थ एका वाक्यात सांगते, 1829 मध्ये ही प्रथा कायद्यानं बंद झाली हे सांगते आणि जिजाऊंकडे वळते. 1664 मध्ये शहाजीराजे गेले तेव्हा जिजाऊ सती निघाल्या होत्या. महाराजांनी मांडीवर बसून, गळ्याला मिठी मारून, शपथ घालून त्यांना थांबवलं, असं सभासद बखरीत आहे. जिजाऊ थांबल्या आणि राज्याभिषेक पाहून गेल्या. वर्ग अगदी शांत होतो.

आता ज्या चुकीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. ‘दहाव्या वर्षी लग्न’ हे कौतुकानं सांगू नका. 1640 च्या गाठीवर बोट ठेवून मी हसत म्हणाले होते, “पाहा, तुमच्याएवढे असताना महाराजांचं लग्न!” एक मुलगी सहज म्हणाली, “माझ्या ताईचं पण झालं की, ती नववीत होती.” पोरीला एकटं मागे ठेवून फडावर कसं जायचं, ही आईबापाची भीती मला कळते. त्याच भीतीपोटी आमच्या भागात आजही पोरींची लग्नं उरकली जातात. आणि मी वर्गात महाराजांचं नाव घेऊन त्यावर शिक्का मारत होते.

आता त्या गाठीशी थांबते. तेव्हा सगळीकडे लहानपणी लग्नं होत, आज मुलीला 18 आणि मुलाला 21 पूर्ण व्हायला लागतात, त्याआधीचं लग्न गुन्हा आहे. 1098 हा लेकरांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहिलेला असतो. गावात बालविवाह थांबवायचं काम ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे असतं, हेही लेकरांना माहीत असू द्या. कुणी घरातलं सांगितलं तर भर वर्गात चौकशी नको, सुट्टीत जवळ बसवून विचारा.

म्हणूनच शिवजयंतीला मुलींना मुंडावळ्या बांधून लग्नाचा प्रवेश बसवणं मी बंद केलं. नऊ वर्षांची नवरी पाहून पालक टाळ्या वाजवतात, त्या टाळ्या मला नको वाटतात. त्याऐवजी आम्ही सहल काढतो. वेरूळला मालोजीराजांची गढी पाहायची आणि जवळच्याच देवगिरीवर चढायचं. तिथेच 1629 मध्ये जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव दरबारात मारले गेले. गेल्या खेपेला गडाच्या पायऱ्यांवर एका पोरानं विचारलं, “तेव्हा जिजाऊ कुठं होत्या?” मी पिशवीतून सुतळी काढली आणि 1630 च्या गाठीच्या थोडं अलीकडे बोट ठेवलं. शिवरायांचा जन्म व्हायला अजून काही महिने होते.