पाचोळ्याचं खत: पाणी दाखवू नका, पाजा

आमच्या पुण्यात पानगळ खरी सुरू होते ती संक्रांतीच्या आसपास. आधी देशी बदाम लालभडक पानं टाकायला लागतो, मग पिंपळ. तेवढ्यात शेजारच्या आवारातला वर्षावृक्ष आपली चिमुकली पानं भिंतीवरून आमच्याकडे सोडून देतो. होळी होऊन जाईपर्यंत रोज सकाळी खराट्याचा आवाज, आणि त्याच्यामागून कुणाच्या तरी फाटकापाशी धूर.

म्हणून आधी हेच सांगते: जाळू नका. ‘राख झाडांना चांगली’ म्हणणाऱ्यांनी एकदा गोणीभर पाचोळा जाळून राख मोजावी. मूठभर निघते, आणि धूर मात्र गल्लीभर. शिवाय घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाने साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्याला २५ हजार रुपये भरायला लावावेत असा आदेश दिला. ‘मग कोकणात राब भाजतात तो?’ हा प्रश्न आमच्या एका शेजाऱ्यांचा, दरवर्षीचा. राब, म्हणजे जमिनीवर पाला-गवत पसरून जाळणं, भाताच्या रोपांची जागा तयार करायला भाजतात. तुम्ही कंपाउंडात भात लावणार असाल तर बोलू.

गोळा करणं

हिरवळीवरची आणि वाटेवरची पानं उचला, झाडांखालची तशीच राहू द्या. तिथे त्यांचं आच्छादन होतं, फक्त खोडापासून वीतभर मोकळी जागा ठेवा. प्लास्टिक आणि गुटख्याच्या पुड्या आत्ताच वेचा, नंतर वेचणं जिवावर येतं. निलगिरी आणि सुरूचा पाला बाजूला ठेवा, तो लवकर कुजत नाही.

एक गोष्ट मात्र घाईने करू नका. दोन-चार दिवस पडून राहिलेल्या ढिगात थेट हात घालायचा नाही. आधी दाताळ्याने ढीग पसरायचा, मग उचलायचा. वाळक्या पानांत घोणस बसलेली असली तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि विंचवाचंही तेच. मी एकदा मोज्यांशिवाय, चपलांवर हे काम करत होते. दाताळ्याखालून फूत्कार ऐकला आणि तेव्हापासून गमबूट घालते, उन्हाळा असला तरी.

चुरणं

भर दुपारी, पानं कुरकुरीत असताना गोणीत भरा आणि वर चालून घ्या. सकाळी दवाने मऊ पडलेली पानं चुरत नाहीत. आंबा आणि फणस यांची पानं न चुरता टाकलीत तर पुढच्या पानगळीलाही ओळखू येतील.

भिजवणं

इथे सगळे फसतात, मीही फसले. पहिल्या वर्षी मी फेब्रुवारीत छान गोल जाळी उभी केली, पानं भरली, एका दुकानातून कल्चरची, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंची, पावडर आणून ‘थरावर थर’ भुरभुरली आणि रोज संध्याकाळी वरून पाइप धरला. खालून पाणी वाहायचं, म्हणजे ढीग चांगला भिजतोय असं मी समजायचे. मे महिन्यात जाळी सोडली तर बाहेरचा चार बोटांचा थर काळा, आणि आत सगळं कोरडं ठणठणीत. मधोमध मुंग्यांचं वारूळ, त्याच्या शेजारी बदामाचं एक पान, शिरेपाशी अजून लाल.

आमच्याकडे महिन्यातून एकदा येणाऱ्या माळीमामांनी ते पान उचललं, बोटांनी मोडलं. कट्कन आवाज झाला. म्हणाले, “ताई, याला पानी पाजलं न्हाई तुमी. नुसतं दावलं.”

त्यात सगळं आलं. वाळक्या पानाला मेणचट कातडी असते आणि ढिगात पानं कौलांसारखी एकावर एक बसतात. पाऊस कौलांवरून ओघळतो तसं पाइपचं पाणी कडेकडेने खाली जातं. पालथ्या घड्यावर पाणी, अगदी शब्दशः. ‘रोज थोडं पाणी शिंपडा’ हा सल्ला जिथे वाचाल तिथे पुढचं वाचू नका. ज्याने लिहिलंय त्याने ढीग मधून उघडून पाहिलेला नाही.

आता मी असं करते. २०० लिटरचं पिंप घ्यायचं, अर्ध्याहून थोडं जास्त भरायचं. चुरलेली पानं ज्या गोणीत आहेत ती गोणी तोंड बांधून तशीच पिंपात ढकलायची आणि वर मोठा दगड. दगड हवाच, नाहीतर गोणी बुचासारखी वर येते आणि वरची अर्धी कोरडी राहते. रात्रभर, शक्य असेल तर पूर्ण दिवस. सकाळी काढायची, पिंपाच्या काठावर टेकवून अर्धा तास निथळायची. दुसरी गोणी त्याच पाण्यात. चार-पाच गोण्यांनंतर पाणी चहासारखं होतं. ते फेकू नका, सगळ्या गोण्या भिजवून झाल्या की झाडांना घाला. बदामाच्या पानांचं हे तपकिरी पाणी काही मासे पाळणारे मुद्दाम करतात, आणि त्यासाठी ही पानं विकत घेतात, हे कळल्यापासून माझ्या अंगणाकडे मी जरा आदराने बघते.

नीट भिजलंय की नाही हे मुठीने बघायचं. गोणीच्या मधली पानं घ्या, वरची नाही. घट्ट पिळल्यावर दोन-तीन थेंब आले तर झालं. धार लागली तर अजून निथळू द्या. थेंबच नाही आला तर परत पिंपात. आणि पान मोडून बघा. कट्कन मोडलं तर भिजलेलं नाही, दुमडलं पाहिजे.

पिंप नसेल तर जमिनीत खड्डा करून त्यात ताडपत्री अंथरा. जुनी सिमेंटची टाकी चालेल. पण बुडवा. शिंपडू नका.

शेण की कल्चर?

कल्चर विकत घेऊ नका, एवढं माझं मत. कुजवणारे जिवाणू आणि बुरशी पानांवर आणि मातीत आधीच असतात. उणीव असते ती नत्राची. वाळक्या पानांत नत्राच्या एका भागाला कार्बनचे साधारण ४० ते ८० भाग असतात, आणि जिवाणूंना २५ ते ३० लागतात. ही तफावत पावडरने भरत नाही. शेण, कापलेलं हिरवं गवत, भाजीची देठं, शेंगदाण्याची पेंड यांनी भरते. गूळ-ताक घालणारे पुष्कळ भेटतात. घाला, बिघडत नाही, पण गुळात नत्र नसतं आणि एवढ्याशा ताकात सांगण्यासारखं नसतं.

माझं माप: भिजलेल्या पानांची ४ घमेली, हिरवं किंवा स्वयंपाकघरातलं ओलं १ घमेलं, आणि वर १० लिटर पाण्यात कालवलेलं किलोभर ताजं शेण. गाय नसली तरी जवळच्या गोठ्यात शेण मिळतं. पिशवी घेऊन जायची लाज वाटत असेल तर बाग करू नका.

रचणं

कोंबडीची जाळी, ४ फूट उंच आणि १० फूट लांब. टोकं तारेने जोडली की तीन फूट रुंदीचा गोल उभा राहतो. थर भरा, प्रत्येक थर मधे थोडा खोलगट ठेवा. वर गोणपाट. सावलीत असू द्या, भिंतीला चिकटवू नका.

ढीग लहान केलात तर तापत नाही. कुंडीत किंवा बादलीत ‘पाचोळ्याचं खत’ करणारे शेवटी वाळकी पानं साठवत बसतात.

तापलं का बघणं

आठवड्याने लोखंडी सळई मधोमध खुपसा, पाच मिनिटांनी बाहेर काढून धरा. चटका बसला तर ढीग जिवंत आहे. कोमटही नसेल तर नव्वद टक्के वेळा कारण एकच: आत कोरडं. उघडा, परत भिजवा. दर पंधरा दिवसांनी जाळी सोडून बाहेरचं आत आणि आतलं बाहेर करायचं, आणि प्रत्येक वेळी मूठ पिळायची. एप्रिलमधलं ऊन वरचा थर दोन दिवसांत वाळवतं.

घाण वास आला तर उलट चूक, ओलं जास्त. कोरडी पानं मिसळा.

अर्धगोल, जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नका. ढिगात त्या कुजवायचंच काम करतात. फक्त खत कुंडीत भरण्याआधी वेचून टाका, कारण त्यांतली एखादी हुमणी निघाली तर मुळं खाते.

पावसाळा

मृगाच्या आधी वरून ताडपत्री. नाहीतर जुलैत चिखल होतो.

चाळणं

चुरून, भिजवून, शेण घालून केलेला ढीग माझ्याकडे चार महिन्यांत उतरतो. आंबा-फणस जास्त असेल तर सहा धरा. काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीचा वास येणारं झालं की वाळू चाळायच्या चाळणीतून काढा. दहा गोण्यांचं दीड-दोन गोण्या खत निघतं, हे कुणी आधी सांगत नाही. तेवढंच निघतं.

एवढी पानं आहेत की जागाच पुरत नाही, तर मागणाऱ्यांना द्या. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रम पाचोळा असणाऱ्यांची आणि हवा असणाऱ्यांची गाठ घालून देतो. माझ्याकडून दोन गच्चीवाल्या दरवर्षी गोण्या नेतात. नेताना विचारतात, “वरून पाणी मारलं की झालं ना?” मी त्यांना गोणीबरोबर दगडही देते.

चाळणीवर उरलेले देठ आणि अर्धवट तुकडे टाकू नका. पुढच्या संक्रांतीला नव्या ढिगाच्या तळाशी तेच घालायचे.