‘एचेवेरिया’ आडनावाचा माग कसा काढावा

ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या टपालपेट्यांवर ‘नवघरे’ आणि ‘झेवियर’ ही नावे शेजारी दिसली, तरी दोन्हींच्या मुळाशी ‘नवे घर’ हाच अर्थ आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या प्रदेशातल्या बास्क भाषेत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवे. त्यातूनच एचेवेरिया हे आडनाव झाले आणि स्पेनमधल्या नवारा प्रांतातल्या हावियेर या गावाचे नावही; ‘झेवियर’ हे या हावियेरचेच रूप.

म्हणून शोध घेताना ‘मूळपुरुष कोण’ हा आपला सवयीचा प्रश्न बाजूला ठेवून ‘घर कुठले’ असे विचारावे. बास्क प्रदेशात माणसाला घरावरून नाव पडे, आणि नवी घरे तर गावोगाव उभी राहत; त्यामुळे दोन एचेवेरिया एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही. आडनावावरून विकली जाणारी घराण्याची मानचिन्हे त्यामुळेच मला निरुपयोगी वाटतात.

आधी आडनावाची सगळी रूपे कागदावर उतरवून घ्यावीत. ‘च’साठी बास्क लेखनात टी-एक्स ही जोडी येते, तर स्पॅनिशमध्ये सी-एच; शिवाय पश्चिमेकडच्या बोलीत ‘बेरी’चे ‘बारी’ होत असल्याने चावारी आणि चावारिया हीदेखील याच कुळातली आडनावे ठरतात. स्पेनची नागरी नोंदणी 1871 पासूनची आहे. त्याआधीसाठी चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवह्या पाहाव्यात. स्पेनमध्ये आईचेही आडनाव लावतात, त्यामुळे आजोळची शाखा हाती लागते. अमेरिका खंडात गेलेल्यांसाठी स्पेनमधल्या सेव्हिया येथील इंडीज (म्हणजे स्पेनच्या तिकडच्या वसाहती) अभिलेखागारातल्या प्रवाशांच्या नोंदी चाळाव्यात. अर्जेंटिनाचे कवी एस्तेबान एचेवेरिया आणि 1970 ते 1976 या काळात मेक्सिकोचे अध्यक्ष असलेले लुइस एचेवेरिया ही या प्रसाराची ठळक उदाहरणे होत.

आपल्याकडच्या ‘झेवियर’पाशी मात्र थबकावे. हावियेरच्या गढीत 1506 मध्ये जन्मलेले फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरले आणि पुढे त्या संताच्या नावाने इथल्या मुलांची नावे ठेवली जाऊ लागली. म्हणजे नाव बास्क असले तरी रक्त बहुधा इथलेच. तेव्हा ठाण्याच्या किंवा वसईच्या झेवियर कुटुंबाने नवाराकडे न वळता आपल्याच चर्चची नोंदवही उघडावी आणि बाळाच्या नावावर न थांबता वडील, गाव आणि धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारा) यांच्या नोंदीही उतरवून घ्याव्यात; कारण बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज धर्मपित्याचे आडनाव लावल्याची उदाहरणे या किनाऱ्यावर आहेत.