मॅप सगळा उघडला, स्टोरी तिथंच : ओपन-वर्ल्ड आरपीजी खेळताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आरपीजी (एखादं पात्र होऊन त्याची कथा खेळायचे व्हिडिओ गेम) खेळणारी पोरं एकत्र आली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘कुठवर आलास?’ आणि उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच, ‘मॅप सगळा फिरून झाला, स्टोरी तेवढी राहिलीय.’ शंभर तास खेळून गेम अर्धवट सोडलेले कितीतरी जण माझ्या ओळखीत आहेत. काही जण उलटं करतात. सरळ मुख्य कथा धरतात, आठवड्यात शेवट गाठतात आणि ‘एवढं काय नाव आहे या गेमचं?’ म्हणून मोकळे होतात. दोघांचंही नुकसान होतं, कारण हे गेम कथा आणि भटकंती एकमेकांत विणून बनवलेले असतात.

‘एक मुख्य क्वेस्ट (कथेतलं काम), मग तीन साइड क्वेस्ट (कथेबाहेरची जोडकामं)’ असलं गणित इथं चालत नाही. कथा जिथं दम घेते तिथं भटकायचं आणि ती धावायला लागली की तिच्याबरोबर धावायचं. हे न कळल्यामुळंच खालच्या बहुतेक चुका होतात.

पहिल्याच प्रदेशात मुक्काम ठोकणं

सगळ्यात जास्त गेम इथंच मरतात. ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’ (२०१४) मध्ये हिंटरलँड्स नावाचा सुरुवातीचा प्रदेश आहे. प्रचंड मोठा, जिकडं बघावं तिकडं कुणाचं तरी काम अडलेलं. मेंढ्या मारून मांस आणून द्या, औषधाच्या वनस्पती गोळा करा, जादूच्या फटी बंद करा. लोक तिथंच वीस-वीस तास काढायचे आणि कंटाळून गेम बंद करायचे. ‘हिंटरलँड्समधून बाहेर पड’ हा सल्ला जगभरच्या खेळाडूंमध्ये त्यामुळंच पसरला. तुमचा किल्ला स्कायहोल्ड, न्यायनिवाडा, पात्राची खास विद्या, हे सगळं मुख्य कथा बरीच पुढं गेल्यावर मिळतं. मुख्य मोहिमा उघडायला ‘पॉवर’ (कामं करून जमणारे गुण) लागते हे खरं, पण ती पुरेशी झाली की वॉर टेबलकडं, म्हणजे मोहिमा निवडायच्या टेबलाकडं वळायचं. हिंटरलँड्स कुठं पळून जात नाही, नंतर केव्हाही परत येता येतं.

लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालेला माणूस पहिल्याच गल्लीत प्रत्येक घरी चहाला बसला, तर उरलेल्या गावाला आवतण पोचायचं कधी?

गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या माझ्या मामेभावाचं ‘स्कायरिम’ (२०११) बघितलं. गडी कम्पॅनियन्स या योद्ध्यांच्या टोळीचा म्होरक्या झालेला, विंटरहोल्डच्या जादूच्या कॉलेजचा आर्चमेज (प्रमुख) झालेला, अंगावर भारी चिलखत. मला म्हणाला, ‘सुरुवातीला हेल्गेनला एक ड्रॅगन दिसला, त्यानंतर कुठंच नाही. गेम बिघडला काय?’ मेनू उघडून बघितलं. भिंतींवरून शिकलेले शब्द यादीत होते, पण एकही शाउट (ड्रॅगनच्या भाषेतली जादूची आरोळी) चालत नव्हता. गेम ठणठणीत होता. ब्लीक फॉल्स बॅरोमधून ड्रॅगनस्टोन आणून व्हाइटरनच्या फॅरेंगारला द्यायचा आणि मग पश्चिमेच्या टेहळणी बुरुजावरची लढाई करायची. तोवर स्कायरिम रानात ड्रॅगन सोडतच नाही. ड्रॅगन नाही म्हणजे त्याचा आत्मा नाही, आणि आत्म्याशिवाय शाउट उघडत नाहीत. ज्या गोष्टीसाठी हा गेम ओळखला जातो तीच मुख्य कथेच्या कुलपात होती.

म्हणून नवा गेम घेतला की आधी मुख्य कथा इतकी पुढं न्या की गेमची सगळी साधनं हातात येतील : घोडा किंवा गाडी, फास्ट ट्रॅव्हल (मॅपवरून थेट उडी), खास शक्ती, दुसरं मोठं शहर. भटकायची खरी मजा त्यानंतर आहे.

कथा घाईत आणि तुम्ही निवांत

‘फॉलआउट ४’ (२०१५) मध्ये नायकाचं तान्हं बाळ पळवून नेलंय आणि आपण वस्तीत भिंती उभारत बसलोय. ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) मध्ये व्ही या नायकाच्या डोक्यातली चिप त्याचा जीव घेतेय आणि आपण गाड्यांच्या शर्यती लावतोय. इथं कथा पातळ होते आणि मुख्य क्वेस्टकडं परतायची ओढ संपते.

यावर उपाय आहे, आणि तो गेमनंच ठेवलेला असतो. ‘विचर ३’ (२०१५) मधला वेलेन हा प्रदेश घ्या. नायक गेराल्ट सिरी नावाच्या मुलीला शोधतोय. तिथल्या ब्लडी बॅरन या सरदाराला तिच्याबद्दल माहिती आहे, पण तो ती एकदम देत नाही. आधी माझी बायको आणि मुलगी शोधून दे म्हणतो. त्या शोधासाठी गेराल्टला वेलेनभर फिरावंच लागतं. वाटेतल्या गावात नोटीस बोर्ड असतो, त्यावर राक्षस मारायचं कंत्राट असतं, आणि पैशासाठी राक्षस मारणं हाच गेराल्टचा धंदा. अशा वेळी कंत्राट घेतलं तर कथेला कुठंच धक्का लागत नाही, उलट माणूस खरा वाटतो. पण बॅरनची गोष्ट ऐन रंगात आली, म्हातारीच्या दलदलीत पाऊल पडलं, की तिथून नोव्हिग्राड शहराला ग्वेंट या गेममधल्या पत्त्यांच्या खेळाचे पत्ते गोळा करायला पळू नका. ती गोष्ट शेवटाला न्या. बॅरनचं प्रकरण मिटलं की पुढचा माग दुसऱ्या शहरात असतो, आणि ती मधली जागा हुंदडायला उत्तम.

‘सायबरपंक’मध्येही अशा जागा आहेत. कुणीतरी ‘मी फोन करतो’ म्हणून निघून जातं. तो फोन येईपर्यंतचा वेळ तुमचा. साधी कसोटी सांगतो : आत्ता या घडीला या पात्राला थांबायला सवड आहे का? असेल तर फिरा.

प्रत्येक प्रश्नचिन्हामागं धावणं

साइड क्वेस्ट सगळ्या एका दर्जाच्या नसतात. ‘विचर ३’ मधल्या स्केलिग बेटांच्या समुद्रात मॅपवर पसरलेल्या प्रश्नचिन्हांखाली बहुतेक ठिकाणी तस्करांचा बुडालेला माल असतो. होडी न्या, बुडी मारा, पेटी उघडा, परत तेच. ‘फॉलआउट ४’ मधला प्रेस्टन गार्वी तर एक वस्ती वाचवली की दुसरीचं नाव सांगतो. ती कामं गेम आपोआप तयार करत राहतो, त्यांना शेवटच नाही. ‘सगळं साफ केल्यावरच पुढं’ असा नियम घालणारा माणूस तिथं कायमचा अडकतो.

मी क्वेस्ट घेताना एवढंच बघतो की तिच्यात नावाचं माणूस आहे का, आणि त्या माणसाचं मुख्य कथेशी काही नातं आहे का. ‘सायबरपंक’मधल्या पॅनमची क्वेस्ट शेवटापर्यंत नेली तर गेमचा एक वेगळाच शेवट उघडतो. जॉनी आणि रोग या पात्रांच्या क्वेस्टनं आणखी एक वाट उघडते. या क्वेस्ट जर्नलमध्ये (गेममधल्या कामांच्या नोंदवहीत) साइड जॉब म्हणून दिसतात, पण माझ्या मते त्या मुख्य कथेचाच भाग आहेत. वेळ कमी असेल तर अशाच निवडा, बाकीचं बिनधास्त सोडा.

लेव्हलचा तोल

‘विचर ३’ मध्ये क्वेस्टची सुचवलेली लेव्हल तुमच्यापेक्षा सहा किंवा जास्त खाली गेली की ती राखाडी दिसते आणि एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवगुण) अगदी नावाला मिळतो. म्हणजे उगाच लेव्हल वाढवत बसलात तर मुख्य क्वेस्टच राखाडी होतात आणि बॉस (मोठे शत्रू) दोन वारात पडतात. तसं झालंच असेल तर सेटिंगमध्ये शत्रूंची ताकद तुमच्या लेव्हलप्रमाणं वाढवायचा पर्याय आहे, तो चालू करा. उलट ‘असॅसिन्स क्रीड : ऑडिसी’ (२०१८) सारख्या गेममध्ये नुसती मुख्य कथा धरून पळता येत नाही. लेव्हल कमी पडते, तिथं साइड क्वेस्ट कराव्याच लागतात. त्यातल्याही गोष्ट असलेल्या घ्या, नोटीस बोर्डावरची किरकोळ कामं शेवटी.

स्कायरिममध्ये आणखी एक मेख आहे. चिलरेंडसारख्या काही तलवारी तुम्ही ज्या लेव्हलला मिळवाल त्याच ताकदीच्या मिळतात आणि तशाच राहतात. तिथं घाई महागात पडते.

परतीची वाट बंद होते हे न बघणं

‘नंतर करू’ म्हणून ठेवलेली क्वेस्ट नंतर असेलच असं नाही. ‘विचर ३’ मध्ये आयल ऑफ मिस्ट्स या बेटाला निघताना काही क्वेस्ट फसतील असा इशारा मिळतो. राजा रॅडोविडविरुद्धच्या कटाच्या आधीच्या क्वेस्ट तोवर झालेल्या नसतील तर तो धागा कायमचा सुटतो, आणि युद्ध कोण जिंकणार हे त्याच धाग्यावर ठरतं. ‘एल्डन रिंग’ (२०२२) मध्ये तर क्वेस्टची यादीच नाही. मालिकेथ या बॉसला मारलं की राजधानी लेंडेल राखेत बुडते, पहिल्यासारखं शहर त्या खेळात पुन्हा फिरायला मिळत नाही. त्या लढाईआधी शहर नीट बघून घ्या, आणि भेटलेली माणसं कुठं आहेत, काय म्हणाली, हे वहीत टिपून ठेवा.

‘सायबरपंक’ याबाबतीत दयाळू आहे. शेवटाकडं नेणाऱ्या क्वेस्टमध्ये हानाकोला भेटायला एम्बर्स या ठिकाणी जाण्याआधी गेम ‘आता मागं फिरता येणार नाही’ असं स्पष्ट सांगतो, आणि शेवट झाल्यावर त्याच जागी परत आणून सोडतो.

काही कामांना मात्र घड्याळ असतं. ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ (२०१८) मध्ये मेरहोयेड गावात साथ येते. तुम्ही रेंगाळलात तर आजारी माणसं खरोखर मरतात. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मध्ये जळती धर्मशाळा दिसली आणि तुम्ही रात्रभराची विश्रांती (लाँग रेस्ट) घेतली, तर आतली माणसं हाती लागत नाहीत. आग, आजार, कैद, पाठलाग असं काही दिसलं की बाकीचं बाजूला ठेवा.

संवाद स्किप करणं

याबद्दल मला मनापासून बोलायचंय. आपल्याकडं बरीच पोरं मराठी माध्यमातून आलेली, घरी मराठी, बाजारात कन्नड, आणि गेममधली पात्रं भराभर इंग्रजी बोलतात. या मोठ्या गेममध्ये मराठी सबटायटल सहसा नसतातच. मग बटण दाबून संवाद उडवायचे आणि मार्करच्या मागं जायचं. असं केलं की मुख्य कथा आणि साइड क्वेस्ट यांच्यातला फरकच पुसला जातो. दोन्हीकडं नुसतं ‘इथं जा, याला मार’. कुठली क्वेस्ट जीव लावून करायची हे कळणार कसं?

सबटायटल चालू करा, अक्षरांचा आकार वाढवायची सोय असेल तर वाढवा. संवाद संपला की जर्नल उघडा. ‘विचर ३’ चं जर्नल झालेली गोष्ट सविस्तर सांगतं आणि वाचायला घाई नसते. अडलेले शब्द मोबाइलवर बघा. दोघं मिळून खेळत असाल तर मोठ्यानं वाचून एकमेकांना मराठीत सांगा. तिलकवाडीतल्या एका मित्राच्या खोलीवर आम्ही असंच खेळतो. मागून कुणी ‘काय करूलास रे, पुढं चल की’ म्हणालं तरी बॅरनचं बोलणं पूर्ण ऐकतो. इंग्रजी सुधारते ती वेगळीच.

क्वेस्ट अडकली तर

आधी गेमला दोष देऊ नका. ‘सायबरपंक’मध्ये फोन येत नसेल तर चालू असलेलं काम संपवा, त्या भागातून लांब जा आणि मेनूतून चोवीस तास पुढं ढकला. मोबाइलवर ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ (२०२०) खेळणाऱ्यांना ‘हे पात्र दुसऱ्या क्वेस्टमध्ये गुंतलंय’ असा निरोप येतो. तिथं कुठली क्वेस्ट अडवतेय ते बघा आणि आधी ती संपवा. ॲडव्हेंचर रँक (खेळाडूची पातळी) कमी असल्यानं मुख्य क्वेस्ट बंद असेल, तर साइड क्वेस्ट करायची तीच योग्य वेळ.

तेवढ्यानं भागलं नाही तर जुनी सेव्ह लागते. जून ते ऑगस्ट खानापूर, जांबोटीकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळं ऑटोसेव्हच्या भरवशावर राहू नका. मोठ्या निर्णयाआधी आणि प्रत्येक मुख्य क्वेस्टच्या सुरुवातीला वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करा, त्याच स्लॉटवर लिहू नका. लाईट आल्यावर स्टीमनं (पीसीवर गेम चालवायच्या ॲपनं) कोणती सेव्ह ठेवायची विचारलं तर तारीख-वेळ वाचूनच उत्तर द्या.

परीक्षेनंतर परत येणं

पीयूसी किंवा सीईटीसाठी दोन-तीन महिने गेम बंद असतो. परत उघडल्यावर काही आठवत नाही, बटणंसुद्धा. बरेच जण तिथं नवा गेम सुरू करतात आणि परत पहिल्याच प्रदेशात अडकतात. त्याची गरज नाही. ‘विचर ३’ सेव्ह लोड होताना डँडेलियन या पात्राच्या आवाजात आतापर्यंतची कथा ऐकवतो, ती ऐका. दुसऱ्या गेममध्ये जर्नलच्या शेवटच्या चार-पाच नोंदी वाचा. यादीत अर्धवट पडलेल्या सगळ्या साइड क्वेस्ट ट्रॅकिंगमधून काढून टाका. मग जवळचं एखादं लहान काम घ्या, ज्यात थोडी मारामारी आहे आणि हरलं तरी बिघडत नाही. हात बसला की मुख्य क्वेस्ट ट्रॅकला लावा आणि कथा पुन्हा दम घेईपर्यंत दुसरं काही उघडू नका.