घरी सूत कातायचं आणि रंगवायचंय? मग माझं ऐका, आधी सूत उकळा

चरखा कसा उघडायचा, माळ कशी चढवायची, पेळू म्हणजे काय हे इथे सांगत बसत नाही, तेवढं तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चालते. मी पावणेदोन वर्षं कातते आहे, रंगवायला लागून सव्वा वर्ष झालं, आणि अजूनही स्वतःला शिकणारीच समजते. पण ज्या एका चुकीत माझं तीन महिन्यांचं सूत गेलं ती तुमच्याकडून होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून लिहितेय.

माझ्याकडे आजोबांचा पेटी चरखा आहे. १९३० च्या दशकाच्या सुरवातीला गांधीजी येरवडा तुरुंगात असताना या घडीच्या चरख्याला रूप आलं म्हणून त्याला येरवडा चरखा पण म्हणतात. आमचा माळ्यावर गोधड्यांच्या खाली पडून होता, चाती (सूत गुंडाळतं ती लोखंडी काडी) वाकलेली, माळ (चाकावरची दोरी) कुजलेली. चाती सरळ करून घेतली, माळ नवीन वळली आणि ठाण्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात रोज रात्री जेवणं झाली की अर्धा तास बसायला लागले. बाबांना शाळेत सूतकताईचा तास होता, टकळीवर कातायचे, त्यामुळे ते लांबून सूचना द्यायचे पण हातात घ्यायचे नाहीत.

पहिला महिना नुसता धागा तुटायचा. हे सगळ्यांचं होतं, घाबरू नका, खरंच घाबरू नका. माझ्या बाबतीत मात्र कारण वेगळं होतं आणि ते कळायला फार वेळ लागला. मी जे व्हिडिओ बघत होते ते जवळपास सगळे परदेशी, म्हणजे लोकरीचे. लोकरीचा तंतू लांब असतो, त्याला खवले असतात, तो एकमेकाला धरून राहतो, म्हणून ती माणसं बोटांनी चिमटीत धरून थोडं थोडं पुढे ओढत कातू शकतात. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, आपल्या देशी कापसाचा तर त्याहून आखूड. तो चिमटीत दाबून धरला की दबलेल्या जागी सरकतच नाही आणि पलीकडे सुटून येतो. कापसाला डावा हात सैल ठेवून मागे मागे न्यायचा असतो, उजव्या हाताने चाक फिरत राहतं आणि पीळ स्वतःच पेळूत, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीत, शिरत जातो, आपण फक्त त्याला जागा करून द्यायची. बरोबर चाललं की चातीच्या टोकावरून धागा दर फेऱ्याला सुटतो आणि टिक टिक टिक असा बारीक आवाज येतो. तो आवाज पहिल्यांदा सलग आला तेव्हा मी घड्याळ बघितलं, रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि सकाळी सहा चाळीसची लोकल होती, तरी उठवेना.

अजून एक, पीळ नेहमी बारीक भागाकडे धावतो. म्हणून मधेच जाड भाग आला तर घाबरून तोडू नका, हात थोडा मागे खेचा, जाड भागात पीळ कमी असतो त्यामुळे तो ओढला जातो आणि सारखा होतो. आणि गुंडाळण्याआधी चाकाचे तीन-चार फेरे जास्तीचे द्या. कमी पिळाचं सूत चातीवर छान दिसतं, मऊ लागतं, आणि गरम पाण्यात गेल्यावर कापूस होऊन सुटतं. पावसाळ्यात पेळू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दमट झाला की तो ओढलाच जात नाही. बाकी कताईबद्दल एवढंच, हात बसायला दिवस लागतात आणि त्याला दुसरा उपाय नाही.

आता रंगाकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

तीन महिन्यांत माझं साधारण १८० ग्रॅम सूत झालं होतं. ऐकायला थोडं वाटतं. १० नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डाच्या १० गुंड्या, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण १७०० मीटर धागा. माझं सूत त्याच्या आसपासचं, तेव्हा तुम्हीच हिशोब करा की १८० ग्रॅममध्ये किती रात्री होत्या. दसरा झाला होता, दाराचे आणि गाडीचे झेंडूचे हार उतरवले होते, फुलं टाकवेनात. लोकरीच्या एका व्हिडिओत बघितलं होतं की तुरटीच्या पाण्यात भिजवा आणि रंगात टाका, झालं. मी तेच केलं. पातेल्यात झेंडू उकळला, काय सुंदर केशरी-पिवळं पाणी झालं होतं, आणि त्यात सगळ्या लड्या, म्हणजे सुताची मोकळी वेटोळी, सोडल्या.

लड्या वर तरंगायला लागल्या. चमच्याने खाली दाबल्या की परत वर. तिथेच थांबायला हवं होतं. मला वाटलं भिजल्या की जातील खाली, म्हणून वर ताटली ठेवून तासभर उकळत ठेवल्या. बाहेर काढल्या तेव्हा ओल्या असताना छान दिसत होत्या, वाळल्यावर कुठे गडद, कुठे फिकट, आणि धागा उलगडून बघितला तर आतून पांढरा. तीन धुण्यांनंतर जुन्या उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग असतो तसा रंग उरला. मी ओट्यापाशी उभी राहून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आमच्याच बिल्डिंगमध्ये वर्ध्याकडच्या एक आजी राहतात, लहानपणापासून कातलेल्या. त्यांना लडी दाखवली. त्यांनी रंगाकडे बघितलंच नाही, दोन बोटांत धागा चोळला आणि विचारलं, "अगं, सूत सोड्यात उकळून घेतलं होतंस का?" मी म्हटलं नाही, पांढरंच तर होतं. त्या म्हणाल्या, "पांढरं असलं म्हणून काय झालं. तेल आहे ना त्यात."

हेच ते. कापसाच्या प्रत्येक तंतूवर नैसर्गिक मेण असतं. झाडाच्या बोंडाला ते उपयोगी, पाणी आत जाऊ देत नाही. पण तेच पाणी तुमचा रंग घेऊन जाणार असतं. गिरणीचं रंगवायला तयार म्हणून विकलेलं सूत आधीच धुऊन आलेलं असतं, त्यामुळे ते आणून रंगवणाऱ्यांना ही गोष्ट माहितीच नसते. आपण घरी पेळूपासून कातलेलं सूत म्हणजे बोंडातून आलंय तसंच्या तसं. ते सरळ रंगात टाकलं की रंग मेणावर बसतो, सुतावर बसत नाही, आणि धुताना मेणाबरोबर निघून जातो.

म्हणून १०० ग्रॅम कोरड्या सुताला साधारण ५ ग्रॅम धुण्याचा सोडा घ्या, खायचा नव्हे, धुण्याचा, आणि थोडासा साधा साबण. भरपूर पाण्यात विरघळवा, सूत आधी साध्या पाण्यात भिजवून मग त्या पाण्यात बुडवा आणि मंद आचेवर तास-दीड तास उकळू द्या. मधेमधे हलक्या हाताने खालीवर करा, ढवळू नका, गुंता होतो. आणि मग पाणी बघा. मी पांढऱ्याशुभ्र सुताचं पाणी बघितलं तेव्हा ते कोऱ्या चहासारखं तपकिरी झालं होतं, वर फेसाची मळकट साय. हे सगळं मी रंगाच्या आणि सुताच्या मध्ये ठेवलं होतं. पाणी फार गडद आलं तर ओतून पुन्हा एकदा उकळा. नंतर स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या.

झालं की नाही हे ओळखायची साधी खूण आहे. सूत वाळवा, एक छोटा तुकडा पाण्याच्या वाटीत टाका. लगेच बुडाला तर झालं. क्षणभर जरी तरंगला तरी परत उकळा. कंटाळा येईल, रात्रीचे अकरा वाजले असतील, गॅस संपत आला असेल, तरी परत उकळा. उकळण्याचा अजून एक फायदा, पीळ बसतो, सूत नंतर वेटोळी घालत नाही.

पण तेवढ्याने पुरत नाही, आणि इथे लोकरीच्या नियमांनी मला दुसऱ्यांदा फसवलं. लोकर, रेशीम ही तुरटी सरळ धरतात, कारण ती प्राण्यांपासून आलेली. कापूस तुरटीला फारसा हात देत नाही. मध्ये कोणीतरी लागतं, आणि ते म्हणजे हिरडा. हिरड्यातलं तुरट द्रव्य कापसाला चिकटतं, त्याला तुरटी चिकटते आणि तुरटीला रंग. ही साखळी आहे, एक कडी गाळली की पुढचं सगळं फुकट. कच्छचं अजरख घ्या की आंध्रची कलमकारी, कापड आधी हिरड्यात बुडतंच, आणि हे आपल्या लोकांना शेकडो वर्षं माहिती असताना मी मात्र लोकरीचा व्हिडिओ बघून बसले.

१०० ग्रॅम सुताला २० ग्रॅम हिरडा पावडर, कोमट पाण्यात रात्रभर. सकाळी पिळून घ्या. सूत थोडं पिवळसर होईल, तसंच व्हायला हवं. मग १५ ते २० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर. मग एकदा हलकं धुऊन रंगात. म्हणजे रंगाचं पातेलं गॅसवर चढायच्या आधी दोन रात्री आणि उकळण्याची एक संध्याकाळ जाते. ज्यांना रविवारी सकाळी सुरू करून संध्याकाळी फोटो टाकायचाय त्यांच्यासाठी हे काम नाहीये, स्पष्टच सांगते.

मीठ टाका, व्हिनेगर टाका, रंग पक्का होतो असं जिथे तिथे सांगतात. कापसावर झाडपाल्याचा रंग मीठ-व्हिनेगरने पक्का होत नाही. बीट तर अजिबात नको, पहिल्या धुण्यात जातं. हळद फार मोहात पाडते, झटकन चढते, पण उन्हात उडते आणि साबण लागला की लाल पडते. हळदीवर आपलं कातलेलं सूत घालवू नका, फार जीव तुटतो. आणि दोन दिवसांच्या महागड्या कार्यशाळांबद्दल माझं मत चांगलं नाही. मी गेले होते एका ठिकाणी. तिथे उकळलेलं, हिरडा-तुरटी केलेलं सूत आयतं हातात देतात, आपण फक्त रंगात बुडवायचं आणि खुश होऊन घरी यायचं. जे अवघड ते पडद्यामागेच राहतं. त्यापेक्षा ओळखीत कोणी कातलेलं म्हातारं माणूस असेल तर त्यांच्यापाशी जाऊन बसा. ते नीट समजावून सांगत नाहीत, कधी रागावतात पण, पण त्यांची बोटं बघायला मिळतात.

सुरवात डाळिंबाच्या सालीने करा. रसवाल्याकडे फुकट मिळते, वाळवून ठेवता येते, सालीत स्वतःचंच तुरट द्रव्य असल्यामुळे ती नवख्याला सांभाळून घेते. सुताच्या वजनाइतकी वाळलेली साल, तासभर उकळून गाळून घ्या, मग त्यात ओलं सूत तासभर मंद आचेवर, आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. छान मोहरीच्या फुलासारखा पिवळा येतो. त्यातली एखादी लडी हिराकसाच्या (लोखंडाच्या क्षाराच्या) पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवली की डोळ्यांदेखत काळपट हिरवी होते. हिराकस १०० ग्रॅमला २ ग्रॅमच्या वर नको, लोखंडाने सूत कुजतं, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. मोरचूद (तांब्याचा विषारी क्षार) मी घरात आणतच नाही. भांडी वेगळी ठेवा, स्टीलची, स्वयंपाकात परत न येणारी. लोखंडी कढई चुकूनही नको, हिरडा आणि लोखंड भेटले की शाईच तयार होते.

लडी चार ठिकाणी बांधा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोरा घालून, पण सैल. घट्ट बांधली की तिथे रंग जात नाही आणि पांढरे पट्टे राहतात. हिरडा आणि मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळं) काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात, तुरटी किराण्यात, पेळू खादी भांडारात विचारा. मंजिष्ठा मला आमच्या नळाच्या पाण्यापेक्षा गावच्या बोअरच्या पाण्यात जास्त लाल उतरली, त्या जड पाण्यातल्या चुन्याने तिचा लाल खुलतो. नीळ एवढ्यात नको, तिचं गूळ-चुन्याचं माठ लावणं हे पूर्ण वेगळं शास्त्र आहे, पण एकदा कुणाकडे तरी नक्की बघा, सूत बाहेर येतं हिरवट आणि हवा लागत जाते तसं निळं होत जातं.

तुमची पहिली लडी फिकी आली तर ती टाकू नका. रंग गेलेलं सूत परत सोड्यात उकळता येतं, परत हिरडा, परत तुरटी. माझ्या त्या १८० ग्रॅमपैकी कमी पिळाचं थोडं सुटून गेलं, बाकीचं साधारण १४० ग्रॅम मी असंच वाचवलं. त्या झेंडूच्या लड्या आता डाळिंब आणि मंजिष्ठेत जाऊन विटकरी झाल्यात. दर वेळी कोरड्या सुताचं वजन, सोडा, हिरडा, तुरटी किती, पाणी कुठलं हे वहीत लिहा आणि शेजारी वीतभर धागा चिकटवा. मी पहिले सहा महिने लिहिलं नाही, आणि एक सुंदर बदामी रंग एकदाच आला होता, तो अजून परत आलेला नाही. या रविवारी परत एक लडी उकळायला ठेवणार आहे, कांद्याची टरफलं दोन पिशव्या साठलीयत.