मोरपंखी की हळदी? आधी कागदावर पारखा

शेड कार्डावरचा पेराएवढा चौकोन बघून अख्ख्या हॉलचा रंग ठरवू नका. मोरपंखी आणि हळदी अशा दोन टोकांच्या रंगांत मन अडकलं असेल, तर दोन्हींचे सँपलचे छोटे डबे आणा आणि रंगाऱ्याला बोलावण्याआधी दोन-तीन दिवस हाताशी ठेवा.

सँपल थेट भिंतीवर मारू नका. आमच्या जुन्या पिस्ता भिंतीवर मी हळदीचा पट्टा ओढला, तर तो चक्क नारिंगी दिसायला लागला! आजूबाजूचा रंग डोळ्यांना असा चकवतो. त्यापेक्षा जाड पांढरा ड्रॉइंग पेपर घ्या, निदान दीड बाय दोन फूट. कडेने दोन बोटं पांढरी सोडून रोलरने दोन हात मारा आणि रात्रभर वाळू द्या. इमल्शन ओलं असताना फिकट दिसतं, वाळलं की गडद होतं. पावसाळ्यात जरा जास्तच वेळ द्या.

आता कागद मास्किंग टेपने आधी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावा, मग खिडकीच्याच भिंतीवर. तिथे उजेड पाठीमागून येतो, त्यामुळे तोच रंग एक शेड काळा वाटतो. सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर, तिन्ही वेळा बघा. मुंबईत समोरची बिल्डिंगही हिशेबात धरायची. ती विटकरी असेल आणि दुपारचं ऊन तिच्यावर पडत असेल, तर घरात तांबूस उजेड येतो आणि मोरपंखी मळतो.

दिव्यांचं तर विचारूच नका. 3000 केल्विनच्या पिवळ्या दिव्यात हळदी खुलतो, मोरपंखी काळवंडतो. 6500 च्या पांढऱ्या ट्यूबखाली मोरपंखी उठून दिसतो आणि हळदीची ऊब जाते. रोज जो दिवा लावता, त्याच्याच उजेडात ठरवा.

शेजारी शेजारी लावलेले दोन विरुद्ध रंग एकमेकांना जास्तच भडक करतात. म्हणून एक दिवस एकच कागद ठेवा, दुसऱ्या दिवशी दुसरा. सोफा, पडदे, फरशी यांच्याजवळही धरून बघा.

दोन्ही हवेच असतील, तर गडद रंग एकाच भिंतीला द्या. फक्त पश्चिमेची किंवा नैऋत्येची बाहेरची भिंत टाळा. पावसाचा मारा तिच्यावरच असतो आणि ओल आली की गडद रंगावर खाराचे पांढरे डाग लांबूनही दिसतात. माझं मत विचाराल, तर हळदी तीन भिंतींवर नको. 10 बाय 12 च्या खोलीत तो अंगावर येतो.