मोडी कागद वाचायला संगणकाला शिकवताना

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कोट्यवधी कागदांपैकी बहुसंख्य मोडीत आहेत आणि मोडी सराईतपणे वाचणारी माणसे फार थोडी उरली आहेत. म्हणून नमुन्यांवरून शिकणाऱ्या संगणकाची मदत घ्यावी. मात्र त्याला काय शिकवायचे, हे आधी स्वतःशी पक्के ठरवावे.

आरंभी एकाच काळातील, शक्य तर एकाच वळणाचे, म्हणजे एकाच लेखनशैलीचे, कागद निवडावेत. चिटणिशी आणि बिवलकरी वळणे, किंवा बोरूने आणि टाकाने लिहिलेले कागद, पहिल्याच संचात मिसळू नयेत. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा ओढून घेतो आणि मग हात शक्यतो न उचलता, शब्दांत अंतर न सोडता अक्षरे लिहीत जातो. त्यामुळे सुटी अक्षरे कापून शिकवण्याचा खटाटोप न करता पूर्ण ओळ हेच एकक धरावे. ट्रान्सक्रिबस किंवा ई-स्क्रिप्टोरियम या हस्तलिखिते वाचणाऱ्या संगणक प्रणालींत ओळींची आखणी करून प्रत्येक ओळीसमोर तिचे देवनागरी लिप्यंतर भरता येते.

माझ्या मते सर्वाधिक वेळ या लिप्यंतराच्या नियमांवर खर्च करावा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. अशा वेळी एका वाचकाने ‘पाटिल’ आणि दुसऱ्याने ‘पाटील’ लिहिले, तर कागदावर नसलेला फरक शोधण्यात संगणक गोंधळतो. आकड्यांबाबत तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. ‘५॥’ म्हणजे साडेपाच आणि ‘५।’ म्हणजे सव्वापाच; या उभ्या रेघा कोणी पूर्णविरामाचे दंड समजून गाळल्या, तर वसुलीची रक्कमच बदलते. तारखेआधीचा ‘छ’ही तसाच ठेवावा, कारण पुढचा आकडा चांद्रमासाचा दिवस आहे, हे त्यावरूनच कळते.

चाचणीसाठी काही संपूर्ण कागद आरंभीच बाजूला काढावेत. एकाच पत्रातील निम्म्या ओळी शिकवायला आणि निम्म्या तपासायला वापरल्या, तर तोच हात आधी पाहिलेला असल्याने निकाल फसवा चांगला दिसतो. हजार अक्षरांत पन्नास चुकली, तर चुकीचे प्रमाण ५ टक्के येते; पण ती पन्नास अक्षरे गावांच्या नावांत आणि रकमांत असतील, तर इतिहासाच्या अभ्यासाला ते वाचन निरुपयोगी आहे, म्हणून नावे, रकमा आणि तारखा यांची चूक वेगळी मोजावी.

तारखांना एक पडताळा उपलब्ध आहे. या कागदांत साल अनेकदा सुहूर सन या जुन्या कालगणनेत, अरबी संख्याशब्दांत लिहिलेले असते. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ (दोन, सत्तर, शंभर व हजार) म्हणजे सुहूर सन ११७२; हे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुमारास, सुरू होत असल्याने डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावेत, म्हणजे इसवी सन १७७१-७२ येते. संगणकाने वाचलेले साल पत्रातील व्यक्तींच्या हयातीशी जुळत नसेल, तर ती ओळ जाणकार वाचकाकडे पाठवावी, त्याने केलेली दुरुस्ती पुढच्या शिकवणीच्या संचात घालावी आणि मूळ छायाचित्र, संगणकाचे वाचन व माणसाचे वाचन ही तिन्ही शेजारी-शेजारी जपून ठेवावीत.